केटी लागली

गोमाला वाचता येत नाही असं कुणी म्हटलं की तो रागवायचा. "कंपन्या वाचता येतात मना," म्हणायचा. आणि ते खरंच होतं. तारापूरच्या एमआयडीसीत फाटकाफाटकावर हातभर लांबीच्या इंग्रजी पाट्या, पण त्या पाटीवरचं अख्खं नाव कुणी घेत नाही. सगळा कारभार दोन अक्षरांत. कुणाचा मुलगा एस.डी.त, कुणाचा मेहुणा पी.आर.मध्ये, कुणाचा जावई जी.एल.ला. गोमा बरीच वर्षं तिथे माळीकाम करत होता. ठेकेदार आज या फाटकात गवत कापायला धाडी, उद्या त्या फाटकात कुंड्या रंगवायला. त्यामुळे दोन अक्षरांची ही भाषा त्याला तोंडपाठ होती आणि पाड्यावर त्याला तेवढा मानही होता. नव्या कंपनीचं नाव निघालं की लोक गोमाकडे बघत.

उमरोळी स्टेशनाच्या पूर्वेला रस्ता डोंगराकडे वळतो, तिथे त्याचा करंजपाडा. वारल्यांची घरं, पावसावरचं भात, आणि भात घरात आलं की निम्मा पाडा वीटभट्टीवर. गोमाचं लहानपणही भट्टीवरच गेलं. पुढे सोमीशी लग्न झालं आणि सोमीने पहिल्याच वर्षी सांगून टाकलं, की मी काही विटांच्या ढिगाआड बाळंत होणार नाही. सोमी बोलायची कमी, पण बोलली की मागे घ्यायची नाही. तेव्हा गोमा भट्टी सोडून कंपन्यांच्या फाटकावर येऊन उभा राहिला.

फाटकाच्या आत गेल्यावर गोमाला एक शोध लागला. जगात माणसं दोनच प्रकारची, उभी आणि बसलेली. काचेच्या अलीकडे उभी, काचेच्या पलीकडे पंख्याखाली बसलेली. खिडकीखालच्या कुंड्यांना पाणी घालता घालता तो बसलेल्यांची चौकशी करायचा, हा साहेब कुठला, काय शिकला. उत्तर दर वेळी एकच, कॉलेज. झालं. गोमाच्या डोक्यात कॉलेज म्हणजे खुर्ची हे इतकं पक्कं बसलं की ते कुणाच्या बापाला हलवता आलं नसतं. थोरला कमलेश नववीतून शाळा सोडून घिवलीला बोटीवर खलाशी म्हणून गेला. बोटीवर कसली खुर्ची! मग राहिली धाकटी स्वाती. स्वाती बसली पाहिजे, एवढंच एक मागणं गोमाने आयुष्याकडे मागितलं.

पाड्याचं म्हणणं वेगळं होतं, आणि पाड्याचं म्हणणं म्हणजे झिपरूचं म्हणणं. झिपरू हा गोमाचा चुलतभाऊ, भट्टीवर जोडपी घेऊन जाणारा मुकादम. स्वातीने बारावीनंतर पालघरच्या कॉलेजात बी.कॉम.ला नाव घातलं, त्या दिवशी तो अंगणात येऊन बसला.

"तीन वर्सं पोरीला शिकवशील, गोमा, आनि मंग कंपनीत पॅकिंगला उबी करशील," तो म्हणाला. "मंग आजच उबी कर ना. तीन वर्सं कशाला घालवतंस?"

झिपरूचा राग यावा असंच त्याचं बोलणं, पण अडचण ही होती की तो खोटं बोलत नव्हता. पाड्यावर दोन पदवीधर होते. एक शेअर रिक्षा चालवायचा, दुसरा पोलीस भरतीसाठी रोज पहाटे रस्त्यावर धावायचा आणि दिवसभर झोपायचा. त्या दोघांकडे बोट दाखवलं की झिपरूला पुढे काही सांगायची गरजच उरत नसे. गोमा त्यावर नुसता हसायचा. मनात म्हणायचा, ते पोरगे चुकीच्या कॉलेजात गेले असतील.

स्वाती कॉलेजात जायची ती कशी, हे या वाद घालणाऱ्यांपैकी कुणी विचारलं नाही. आश्रमशाळेत सगळं मराठीतून शिकलेली मुलगी. इथे सर वर्गात आले की इंग्रजीतून बोलायचे, अकाउंट नावाचा विषय तर डाव्या-उजव्या बाजूंचा, आणि कुठली रक्कम कुठे टाकायची हे विचारायला हात वर करावा तर वर्ग मागे वळून बघायचा. तिच्या बाकावर बसणारी वैभवी बोईसरजवळच्या सरावलीची. तिला थोडं कळायचं, ते ती स्वातीला सांगायची. दोघींचं मिळून अर्धं कळायचं. घरी आल्यावर स्वाती पुस्तक घेऊन ओट्यावर बसायची आणि गोमा लांबून बघून खूश व्हायचा. पोरगी बसली होती.

असं एक वर्ष गेलं आणि निकालाचा दिवस आला. स्वाती आईबरोबर भाताच्या आवणीला शेतात गेली होती. फोन घरात चार्जिंगला. तो वाजला आणि गोमाने उचलला.

"काका, मी वैभवी. स्वाती आहे का?"

"शेतात हाय. काय सांगू?"

"रिझल्ट लागला म्हणावं. तिला केटी लागली."

गोमा ताडकन उभा राहिला. "लागली?"

"हो काका. मलापण लागली. टेन्शन घेऊ नको म्हणावं, अर्ध्या वर्गाला लागली आहे."

ज्यांची मुलं या भागातल्या कॉलेजात शिकली आहेत त्यांना केटी काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. एखाद्या विषयात नापास झालं तरी पुढच्या वर्गात बसू देतात, आणि राहिलेला विषय नंतर परीक्षा देऊन सोडवायचा, त्याला म्हणतात केटी. नापास हा शब्द घशाखाली उतरत नाही म्हणून शिकलेल्यांनी काढलेली ही दोन अक्षरं. आणि मराठीतलं लागणं हे क्रियापद तर इतकं सोशिक, की त्याला काहीही चालतं. ठेच लागते, भूक लागते, नजर लागते, आग लागते, निकाल लागतो, नोकरी लागते. तशीच केटीही लागते. गोमाने आयुष्यभर दोन अक्षरं आणि लागणं हे एकाच अर्थाने ऐकलं होतं. त्याची काय चूक?

"दोगींना एकाच जागी?" त्याने विचारलं.

"हो, दोघींना. अकाउंटमध्येच."

अकाउंटमध्ये! गोमाला माहीत होतं, प्रत्येक कंपनीत अकाउंट नावाची एक खोली असते आणि तिथे झाडून सगळे बसलेले असतात.

"मंग जायचं कदी?"

"परीक्षा आहे ना, काका. दिवाळीच्या आसपास असेल. अभ्यास केला तर सुटेल लगेच."

कायम करण्याआधी परीक्षा घेत असतील, आणि कंपनी सुटते हेही गोमाला माहीत होतं. त्याने फोन ठेवला, खुंटीवरचा पांढरा सदरा अंगात घातला आणि घराबाहेर पडला.

पाड्याच्या तोंडाशी आत्मारामचं दुकान. पावसामुळे चार माणसं आडोशाला उभी होती, त्यात झिपरूही होता. गोमाने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "स्वाती लागली. केटीत. अकाउंटला."

"केटी?" झिपरू म्हणाला. "ही कंची आली?"

आता खरं म्हणजे इथे गोमा अडला असता, कारण ही दोन अक्षरं त्यालाही नवीन होती. पण दुकानदार माणसाला एखादी गोष्ट माहीत नाही असं होत नसतं. आत्माराम वजन करता करता म्हणाला, "हाय ना. नवीनच झाली. मोठी हाय, त्या अणुशक्तीच्या रस्त्याला." दुसऱ्याने मान हलवली, की हो, मीही पाटी बघितली. झाली कंपनी उभी. बुंदीचे लाडू वाटले गेले. झिपरूने लाडू घेतला, खाल्ला आणि एक शब्द बोलला नाही.

स्वाती गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली शेतातून आली, तेव्हा बायका दारात उभ्या होत्या. कुणी गालावरून हात फिरवला, कुणी म्हणालं एकाच वर्षात लागली, बाकीच्यांना तीन वर्षं बसूनही काही होत नाही. गोमा पांढऱ्या सदऱ्यात मधोमध उभा होता.

"वैभवीचा फोन व्हता," तो म्हणाला. "केटी लागली तुना."

स्वातीचं तोंड उघडलं ते तसंच राहिलं. गोमाला वाटलं, आनंदाने बोलवत नाही. माणसाला एकदा आनंद दिसायचा ठरला की समोर काहीही असो, त्याला तोच दिसतो.

"बा, केटी म्हंजे..." ती म्हणाली.

"ठावं हाय मना. आता कालेजचं काय काम? लागायलाच तं गेली व्हतीस ना."

तिने एकदा आईकडे बघितलं, एकदा अंगणाच्या कडेला गप्प बसलेल्या झिपरूकडे, आणि पाय धुवायला गेली. चार दिवसांनी कळलं की झिपरू आपल्या लेकीला, जमनाला, घेऊन पालघरला गेला आणि तिचं नाव बी.कॉम.ला घालून आला. जमना त्याच वर्षी बारावी झाली होती आणि दिवाळीनंतर भट्टीवर जाणार हे ठरलेलं होतं. झिपरूने हे कुणाला सांगितलं नाही, विचारलं तर उडवून लावलं. पण गोमाला एवढा विजय आयुष्यात कधी मिळाला नव्हता.

मग रोजचं सुरू झालं. स्वाती सकाळी डबा घेऊन निघायची, संध्याकाळी दमून यायची. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी तिने आईच्या हातात पहिला पगार दिला. सोमीने एकदा म्हटलं, पोरगी बोलत नाही आताशा. गोमा म्हणाला, अकाउंटचं काम डोक्याचं असतं. ओट्यावरचं पुस्तक दिसेनासं झालं, तेही त्याला खटकलं नाही. लागल्यावर पुस्तक कशाला?

दसरा आला. एमआयडीसीत दसऱ्याचा थाट असतो. यंत्रांची पूजा, फाटकाला केळीचे खांब, झेंडूची तोरणं. माळ्यांची त्या दोन दिवसांत धावपळ. गोमाने यंदा परसात स्वतः झेंडू लावला होता. आदल्या दिवशी त्याने एक तोरण ठेकेदाराच्या कामाचं नव्हे, तर स्वतःच्या मनाचं केलं. टपोरी फुलं निवडली, मध्ये आंब्याची पानं, दोन्ही टोकांना भाताच्या पिवळ्या लोंब्या. हे तोरण स्वातीच्या केटीच्या फाटकाला बांधायचं. लेकीला काही सांगायचं नाही, तिने दुसऱ्या दिवशी बघावं आणि ओळखावं.

दुपारी हातातलं काम संपवून तो अणुशक्तीच्या रस्त्याला गेला. पाट्या वाचत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. केटी दिसेना. पहिल्या फाटकावरचा वॉचमन म्हणाला, "केटी? ऐसा कोई कंपनी नहीं इधर, चाचा." दुसऱ्याने जरा विचार केला आणि त्यानेही नाही म्हटलं. चहावाल्याने तर उलट विचारलं, नया है क्या? गोमाने स्वतःला समजावलं, ही बाहेरून आलेली माणसं, त्यांना काय माहीत. पण ज्याला पाड्यावर कंपन्या विचारतात, त्याला एक कंपनी सापडत नव्हती.

समोरून स्कूटरवर भगवंत आला. भगवंत हा मूळचा सांगोल्याकडचा, एका कंपनीत सुपरवायझर. त्याच्या फाटकातही गोमा माळीकाम करत आला होता. वैभवी त्याचीच मुलगी, हेही गोमाला ठाऊक होतं. त्याने हात करून स्कूटर थांबवली.

"साहेब, केटीचा गेट कंच्या बाजूला?"

"कसली केटी?"

"कंपनी. माजी स्वाती लागली ना तिकडं. तुमच्या वैभवीबरूबरच."

भगवंत हसायला लागला. हसता हसता त्याने स्कूटर बंद केली, हेल्मेट काढलं, आणि मग वैभवीबरोबर हा शब्द त्याच्या डोक्यात शिरला असावा, कारण हसणं मध्येच थांबलं.

"वैभवीला केटी लागली?" तो म्हणाला. "आमच्या घरात तर पास झाले म्हणून सांगितलंय."

गोमा त्याच्या तोंडाकडे बघत राहिला.

"आरं गोमा, केटी कंपनी नसती बाबा. एका विषयात नापास झालं की त्याला केटी लागली म्हणत्यात. परत परीक्षा द्यायची. पास झालं की सुटली." भगवंतने कपाळ पुसलं. "आमच्या थोरल्या पोराला, ज्ञानेशला, दोन लागल्या होत्या."

गोमाला काही क्षण फक्त तोरणातल्या झेंडूचा वास येत राहिला. लाडू आठवले. पांढरा सदरा आठवला. आणि लाज वाटायच्या आधी त्याला भीती वाटली.

"मंग माजी पोरगी रोज जाते कुठं?"

भगवंतने जरा आठवून सांगितलं, की वैभवी एकदा बोलली होती, स्वाती गणपतीपासून कॉलेजला येत नाही, पाण्याच्या टाकीमागच्या औषधाच्या कंपनीत पॅकिंगला जाते. "तुला माहिती असंल असं वाटलं मला," तो म्हणाला.

"पन ज्ञानेश तं सुटला ना?" गोमाने विचारलं. का विचारलं ते त्यालाच कळलं नाही. कुठेतरी एक तरी खुर्ची शाबूत असावी असं वाटत असेल.

"सुटला की. बी.एस्सी. झाला." भगवंतने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "माझ्याच खात्यात पोती भरतोय. नोकरीला लावताना मीच सांगितलं, पदवी सांगू नको, बारावी सांग. पदवीवाला टिकत नाही म्हणून हेल्परला घेत नाहीत. गावाकडं मात्र साहेब आहे म्हणून सांगितलंय."

"मंग वैभवीला कशाला शिकवता, साहेब?"

भगवंतला या प्रश्नाचा राग आला. "न शिकवून काय करू, ते सांग की," तो म्हणाला, आणि हेल्मेट डोक्यावर चढवून निघून गेला.

पाण्याच्या टाकीमागचं फाटक गोमाने पूर्वी पाहिलं होतं. तिथली मेंदीची कुंपणं त्यानेच कातरली होती. तो रस्त्याच्या पलीकडे उभा राहिला. कंपनी सुटली आणि मुली रांगेने बाहेर आल्या, केसांवर कागदी टोप्या, चेहरे पिठासारख्या पांढऱ्या भुकटीने माखलेले. फाटकाशी एक बाई एकेकीला तपासत होती. स्वातीची पाळी आली तेव्हा बाईने काही म्हणायच्या आत तिने दोन्ही हात बाजूला पसरले. बाईने काखा चाचपल्या, कंबर चाचपली, डबा उघडून बघितला आणि सोडलं. ते हात पसरणं गोमाला सहन झालं नाही. चोरी न केलेल्या माणसाला एवढी सवय कशी होते?

स्वातीने त्याला बघितलं, त्याच्या हातातलं तोरण बघितलं आणि सगळं समजली. रस्त्याकडेच्या मोरीवर जाऊन बसली. "बस, बा," म्हणाली. तो बसला.

"त्या दिवशी सांगनार व्हती मी," ती म्हणाली. "पन तू लाडू वाटून बसला व्हतास. आनि झिपरूकाका गप. झिपरूकाका गप बसलेला मी कदी बगितला नाय, बा. मनात बोलली, उद्या सांगू. तवर त्याने जमनाचं नाव घातलं. मंग कसं सांगू? मी नापास झाली हे कललं तं जमनाला दुसऱ्या दिवशी घरी बसवला असता."

"मंग कालेज कशाला सोडलंस? डबा घेऊन कालेजातच जायचं."

"गेली ना. पयला म्हयना रोज कालेजातच गेली. पन आय बोलली, कंपनी हाय तं पगार कंचे तारखेला?" ती हसली, आणि ते हसू गोमाला रडण्यापेक्षा वाईट दिसलं. "मंग नाक्यावरच्या ठेकेदाराच्या गाडीत बसली."

 समोरून कामगारांच्या बस जात होत्या.

"बसून हाय का काम?" गोमाने विचारलं.

"उब्यानं. आमची सुपरवायझरबाई पन उबीच असते दिवसभर. बी.कॉम. हाय ती."

गोमाने इतकी वर्षं ज्या खुर्चीच्या भरवशावर पाड्याशी भांडण केलं, ती खुर्ची त्या एका वाक्याने कुणीतरी काढून घेतली. झिपरूचं बरोबर होतं? तसं असेल तर मग हातात काय उरलं? पण बाजूला बसलेल्या मुलीच्या नखांतली पांढरी भुकटी त्याला दिसत होती, आणि त्याला एवढं नक्की कळत होतं, की चूक त्याने केली आहे आणि भरते आहे ती.

"परीक्षा दिवालीला हाय ना?" तो म्हणाला. "तू दसरा झाला की कालेजात जा. मी सांगतो झिपरूला. आजच सांगतो. केटी म्हंजे काय ते सगल्यांना सांगतो."

"जमनाचं?"

"ते मी बगतो."

स्वातीने त्याच्याकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा पूर्वीसारखा दिसला. "खरंच सांगशील, बा?" तिने विचारलं, आणि त्याच्या हातातलं तोरण घेऊन मांडीवर ठेवलं. घरी आल्यावर तिने ते स्वतःच्याच दाराला बांधलं. मग माळ्यावर चढून अकाउंटचं पुस्तक काढलं आणि फडक्याने पुसत ओट्यावर बसली. सोमीला काही कळलं नाही, पण लेक ओट्यावर बसलेली बघून तिने चूल लवकर पेटवली.

गोमा झिपरूच्या अंगणात गेला तेव्हा झिपरू विळ्याला नवी मूठ बसवत होता. भात कापायला आलं होतं.

"ये, ये," तो म्हणाला, आणि आत जाऊन एक लाल प्लास्टिकची खुर्ची घेऊन आला. गोमाने त्या घरात कधी खुर्ची बघितली नव्हती. "जमनाला आनली. कालेजची पोर भुईवर बसून कशी लिवंल? बस तू."

"नको, मी हितंच..."

"बस रं. तूच तं शिकवलंस आमाला."

गोमा खुर्चीच्या कडेवर टेकला. काय बोलायचं ते तो वाटेने ठरवून आला होता. झिपरू, केटी कंपनी नाय, असं सुरू करायचं. तो तोंड उघडणार, तेवढ्यात झिपरू विळा खाली ठेवून त्याच्या जवळ सरकला. झिपरूला हळू बोलताना गोमाने प्रथमच ऐकलं.

"ह्या वर्साला भट्टीवर जमनाला नेत नाय. शेटला सांगून टाकला. तो हासला, हासू दे." त्याने घरात नजर टाकली. "खरं सांग गोमा. आमची जमना तुज्या स्वातीसारखी हुशार नाय. तरी तिला पन लागल ना रं केटी?"

दारात जमना उभी होती. दोन महिने कॉलेजात जात होती ती. केटी म्हणजे काय हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं असणार, आणि स्वाती कुठे जाते हेही. ती गोमाकडे बघत होती आणि तिने हळूच, झिपरूला दिसणार नाही अशी, मान हलवली. सांगू नको.

गोमाला वाटलं, आपल्याला इथून उठून पळून जाता आलं तर बरं. नाही म्हटलं तर तो बापाला शाप, हो म्हटलं तर लेकीला. आणि खरं सांगितलं, तर ही लाल खुर्ची दिवाळीनंतर भट्टीवरच्या झोपडीत जाणार, तिच्यावर झिपरू बसणार आणि जमना विटा वाहणार. तिकडे ओट्यावर स्वाती पुस्तक पुसत बसली होती.

"लागल," गोमा म्हणाला. "लागल ना. का नाय लागनार?"

झिपरूने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. जमना घरात वळली.

परतीच्या वाटेवर गोमा करंजाच्या झाडाखाली उगाच थांबला. घरात जायचा धीर होत नव्हता. शेवटी गेला. स्वाती दाराकडे तोंड करूनच बसली होती, पुस्तक उघडं होतं. तिने त्याच्या चेहऱ्यावरून ओळखलं, की सांगणं झालेलं नाही.  तो तिच्या बाजूला भुईवर बसला.

तिने पुस्तक मिटलं. दुमडलेले कोपरे बोटांनी सरळ केले, पुठ्ठ्यावरची उरलीसुरली धूळ ओढणीने पुसली आणि ते त्याच्या हातात दिलं.

"हा जमनाला देऊन ये, बा," ती म्हणाली. "तिला लागल."